समीकरण बिंदूंना जुळत नाही? तफावत मांडा, चुकीची पायरी सापडेल

बिंदूंवरून समीकरण काढलं, एका बिंदूला बसलं, दुसऱ्याला बसत नाही. किंवा सगळे बिंदू बसतात, पण उत्तरसूचीत भलतंच समीकरण छापलंय. किंवा एक्सेलने आलेखावर जे समीकरण लिहून दिलं त्यात क्षची किंमत घातली की मूळचा य येतच नाही. तक्रारी वेगवेगळ्या असल्या तरी तपासाची सुरुवात एकच आहे: प्रत्येक बिंदूची तफावत काढून ती एका रांगेत लिहायची. नुसतं ‘जुळत नाही’ म्हणून थांबलं तर हाती काही लागत नाही. किती फरकाने आणि कोणत्या बाजूला चुकतंय हे लिहिलं, तर बहुतेक वेळा घोटाळा कुठे झालाय तेही कळतं.

इथे क्ष म्हणजे आडवा निर्देशक, य म्हणजे उभा, आणि समीकरण य = (चढ × क्ष) + स्थिर पद या रूपात आहे असं धरलंय. चढ म्हणजे क्ष एकने वाढला की य कितीने बदलतो, आणि स्थिर पद म्हणजे क्ष = ० असतानाचा य. तफावत म्हणजे दिलेला य वजा समीकरणातून आलेला य. वजाबाकी शेवटपर्यंत याच क्रमाने करायची. मध्येच क्रम फिरवला तर चिन्हांवरून काढलेले सगळे अंदाज उलटे पडतात.

तपासायला कोणते बिंदू घ्यायचे

समीकरण ज्या दोन बिंदूंवरून काढलं, तेच दोन घालून पाहिले तर फक्त आकडेमोड तपासली जाते. कुठल्याही दोन वेगळ्या बिंदूंतून एक रेषा जातेच. त्यामुळे ते दोन जुळले याचा अर्थ बाकीचे त्या रेषेवर आहेत असा होत नाही. खरी तपासणी तिसऱ्या बिंदूपासून सुरू होते. मात्र ते दोन बिंदूसुद्धा जुळत नसतील तर पुढे जायचंच नाही, चूक आकडेमोडीत आहे.

काही बिंदू तपासणीला कुचकामी असतात. क्ष = ० असलेला बिंदू फक्त स्थिर पद तपासतो, चढ कितीही चुकला तरी तो जुळतो. आरंभबिंदू, म्हणजे (०, ०), स्थिर पद नसलेल्या प्रत्येक समीकरणाला बसतो. आणि (१, १) किंवा (४, ४) असा दोन्ही निर्देशक सारखे असलेला बिंदू क्ष-यची अदलाबदल झाली तरी जुळतोच. तपासणीसाठी शक्यतो एक बिंदू ऋण क्षचा, एक आरंभबिंदूपासून लांबचा, आणि निर्देशक वेगवेगळे असलेला घ्यावा.

तफावतीची रांग कशी वाचायची

चार बिंदू घेऊ: (−२, ७), (१, १), (३, −३), (५, −७). पहिल्या दोनवरून चढ = (१ − ७) ÷ (१ + २) = −६ ÷ ३ = −२. (१, १) घातला की १ = −२ + स्थिर पद, म्हणून स्थिर पद ३. समीकरण य = −२क्ष + ३. तपासलं तर चारही तफावती शून्य. आता याच बिंदूंवर नेहमीच्या चुका करून पाहू.

समजा स्थिर पद काढताना (−२, ७) वापरला आणि −२ × −२ चं उत्तर चुकून −४ धरलं. मग ७ = −४ + स्थिर पद, म्हणजे ११, आणि समीकरण झालं य = −२क्ष + ११. तफावतींची रांग:

क्ष = −२ : ७ − १५ = −८
क्ष = १ : १ − ९ = −८
क्ष = ३ : −३ − ५ = −८
क्ष = ५ : −७ − १ = −८

सगळीकडे तीच तफावत आली की चढ बरोबर आहे, फक्त स्थिर पद चुकलंय. दुरुस्ती सरळ आहे: तफावत स्थिर पदात मिळवा. ११ − ८ = ३. हा प्रकार सर्वांत जास्त दिसतो आणि बहुतेक वेळा मुळाशी ऋण संख्येभोवती न घातलेला कंस असतो. समीकरणात किंमत घालताना −२(−२) असं कंसासकट लिहायची सवय ठेवली तर ही चूक जवळजवळ बंद होते.

दुसरी चूक चढाची. (य२ − य१) ला (क्ष१ − क्ष२) ने भागलं, म्हणजे वर एक क्रम आणि खाली उलटा, तर चढ +२ येतो. (१, १) घालून स्थिर पद −१. समीकरण य = २क्ष − १. तफावती अनुक्रमे १२, ०, −८, −१६. एक बिंदू जुळतो, आणि त्याच्यापासून जसजसं लांब जावं तसतशी तफावत वाढते. एका बाजूला धन, दुसऱ्या बाजूला ऋण. अशी रांग दिसली की चढच चुकलाय. तफावतींचाही चढ काढा: क्ष १ वरून ३ वर गेला, तफावत ० वरून −८ वर, म्हणजे दर एककाला −४. हा आकडा आपल्या चढात मिळवला की खरा चढ मिळतो: २ − ४ = −२. इथे दुरुस्ती आपल्या चढाच्या बरोबर उणे दुप्पट आली. असं झालं की समजावं, चूक फक्त चिन्हाची आहे.

तिसरी चूक: चढ उलटा काढणं, म्हणजे क्षमधला फरक वर आणि यमधला खाली. चढ −१/२, स्थिर पद १.५, तफावती ४.५, ०, −३, −६. इथे तफावत दर एककाला −१.५ ने बदलते, आणि −०.५ − १.५ = −२. पण याच बिंदूंमध्ये प्रत्येक जोडीतला क्ष आणि य अदलाबदल करून वाचला असता तरी हेच समीकरण मिळालं असतं, कारण स्थिर पद काढायला आपण (१, १) वापरला. चढ उलटा झाला की जोड्याच उलट्या वाचल्या, हे या बिंदूवरून ठरवता येत नाही. स्थिर पद (३, −३) वरून काढलं असतं तर फरक दिसला असता: चढ −१/२ ठेवून स्थिर पद −१.५ येतं, तर जोड्या उलट्या वाचल्या तर १.५. तक्त्यात वरची ओळ यची आणि खालची क्षची असेल (विज्ञानाच्या वहीत असे तक्ते सर्रास असतात), तर संशय आधी जोड्यांवर घ्यावा.

एकच बिंदू बाहेर पडतोय

तीन तफावती शून्य आणि चौथी मोठी असेल तर समीकरणाला हात लावू नका. तो बिंदू उतरवताना चुकलाय, किंवा खरोखरच रेषेवर नाही. तफावतीचा आकडाच बरंच सांगतो. (५, −७) ऐवजी (५, ७) लिहिलं असेल तर तफावत १४ येते, म्हणजे यची बरोबर दुप्पट: चिन्ह गळलंय. तफावत ९ च्या पटीत असेल, जसं ९, १८, २७, तर शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेलेत का ते पाहा. ५४ चं ४५ झालं की फरक ९. जमाखर्चाच्या वह्या तपासणारे ही युक्ती नेहमीच वापरतात, आणि पूर्णांकांच्या तक्त्याला ती इथेही लागू पडते.

फक्त तीनच बिंदू असतील आणि ते एका रेषेत नसतील, तर चुकीचा कोणता हे गणित सांगू शकत नाही. कुठलेही दोन खरे धरले की तिसरा खोटा ठरतो. चौथा बिंदू मिळवा किंवा मूळ नोंद पाहा.

समीकरण दुसऱ्या रूपात असेल तर

अक्ष + बय = क (म्हणजे अ × क्ष + ब × य = क, यात अ, ब, क या ठरावीक संख्या) या रूपातलं समीकरण तपासायला ते य = च्या रूपात आणायची मुळीच गरज नाही. दोन्ही निर्देशक घाला, डावी बाजू उजवीइतकी येते का पाहा. रूप बदलताना होणाऱ्या चुका तपासणीत शिरायला नकोत, म्हणून नेहमी दिलेल्या मूळ समीकरणातच किंमती घालाव्यात.

३क्ष − ४य = १२ चं उदाहरण घ्या. बरोबर रूपांतर य = (३/४)क्ष − ३. पण −४ ने भागण्याऐवजी ४ ने भागलं की य = −(३/४)क्ष + ३ येतं. आता तपासायला (४, ०) घेतला तर हे चुकीचं समीकरणही जुळतं! कारण पूर्ण उजव्या बाजूचं चिन्ह बदललंय, आणि जिथे ती बाजू शून्य आहे तिथे चिन्ह बदलून फरक पडत नाही. (०, −३) घातला की लगेच पकडलं जातं: तफावत −३ − ३ = −६. क्ष-अक्षावरचा बिंदू एकटा कधीच पुरेसा समजू नये.

उत्तरसूचीचा घोळ वेगळा. य = −२क्ष + ३, २क्ष + य = ३, ४क्ष + २य = ६ आणि य − ७ = −२(क्ष + २) ही चारही एकाच रेषेची समीकरणं आहेत. सूचीतलं उत्तर वेगळं दिसलं तर दोन्ही समीकरणं अक्ष + बय = क रूपात आणून क्षचे सहगुणक, यचे सहगुणक आणि स्थिर पदं यांची गुणोत्तरं काढा. तिन्ही गुणोत्तरं सारखी, तर रेषा एकच. दहावीला एकसामयिक समीकरणांना अनंत उकली असण्याची जी अट शिकवतात, तीच ही. पहिली दोन सारखी आणि तिसरं वेगळं असेल तर रेषा समांतर आहेत, म्हणजे फक्त स्थिर पद चुकलंय. वर पाहिलेल्या सगळीकडे सारख्या तफावतीचं हे दुसरं रूप.

चढच निघत नाही

(४, −१), (४, २), (४, ६) असे बिंदू आले की चढाच्या छेदात शून्य येतो. रेषा उभी आहे, तिचं समीकरण क्ष = ४, आणि य = च्या रूपात ती बसतच नाही. बिंदू चुकले असं समजून पुन्हा पुन्हा भागाकार करण्यात अर्थ नाही.

बिंदू एकरेषीय आहेत का हे भागाकाराशिवाय तपासायची पद्धत आहे, आणि ती उभ्या रेषेलाही चालते. पहिल्या बिंदूपासून दुसऱ्यापर्यंतचा क्षमधला फरक गुणिले पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतचा यमधला फरक. मग पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतचा क्षमधला फरक गुणिले पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंतचा यमधला फरक. दोन्ही गुणाकार सारखे आले तर तिन्ही बिंदू एका रेषेत. आपल्या पहिल्या उदाहरणातल्या (−२, ७), (१, १), (३, −३) साठी: ३ × (−१०) = −३० आणि ५ × (−६) = −३०. जुळलं. उभ्या रेषेवर दोन्ही गुणाकार शून्य येतात. अपूर्णांकांचे निर्देशक असतील तेव्हा तर चढांची तुलना करण्यापेक्षा हीच पद्धत बरी.

आलेखावर बिंदू रेषेबाहेर दिसतात

आकडे जुळतात पण कागदावर बिंदू रेषेला चुकवून जातो, तेव्हा आधी दोन्ही अक्षांचं प्रमाण पाहा. १ सेमी = १ एकक लिहून पुढे एका अक्षावर मधेच १ सेमी = २ एकक झालेलं असतं, किंवा ऋण बाजूला घरं मोजताना ० धरूनच मोजणी सुरू केलेली असते.

प्रमाण ठीक असेल तर बिंदूंची निवड पाहा. २क्ष + ३य = १२ साठी क्ष = १ घेतला तर य = ३.३३, आणि तो अंदाजाने ठेवावा लागतो. १२ − २क्ष ला ३ ने निःशेष भाग जाईल असा क्ष घ्या, म्हणजे ३ च्या पटीतला: (−३, ६), (०, ४), (३, २), (६, ०). शिवाय ज्या बिंदूंतून पट्टी लावायची ते एकमेकांपासून लांब हवेत. दोन बिंदू १ सेमी अंतरावर असताना त्यातला एक अर्धा मिमी सरकला, तर १० सेमी पुढे रेषा ५ मिमी चुकते. तेच बिंदू १० सेमी अंतरावर असते तर तिथे चूक अर्ध्या मिमीचीच राहिली असती. कागदाच्या दोन टोकांचे बिंदू जोडायचे आणि मधला तपासणीला ठेवायचा.

एक्सेल आणि कॅल्क्युलेटर

साधा हिशेबाचा कॅल्क्युलेटर बटणं दाबाल त्या क्रमाने हिशेब करतो. ३ − २ × ५ तसंच टाइप केलं तर तो आधी ३ − २ करून १ आणि मग ५ दाखवतो, खरं उत्तर −७ असताना. अशा यंत्रावर गुणाकार आधी उरकायचा: २ × ५ = १०, मग ३ − १०. एक्सेलमध्ये हा त्रास नाही, पण तिथे दुसरे आहेत, आणि त्यातला पहिला सर्वांत फसवा आहे.

आलेख घालताना लाइन चार्ट निवडला की एक्सेल क्षच्या किंमती नुसत्या पाट्या समजतो आणि ट्रेंडलाइन (बिंदूंच्या जवळून जाणारी रेषा) काढताना त्यांच्या जागी १, २, ३, ४ धरतो. (१०, २५), (२०, ४५), (४०, ८५), (५०, १०५) हे बिंदू घ्या. ते सगळे य = २क्ष + ५ वर आहेत. लाइन चार्टवर ट्रेंडलाइन काढली तर समीकरण येतं य = २८क्ष − ५. आलेख पाहून शंकाही येत नाही. क्ष = १० घातला की २७५ येतात तेव्हा डोक्याला हात लागतो. उपाय: चार्टचा प्रकार स्कॅटर करा. क्षची अंतरं सारखी नसतील (इथे ३० गाळलाय) तर लाइन चार्ट ती अंतरंही सारखीच दाखवतो. म्हणून समीकरण काढायचं असेल तर लाइन चार्ट कधीही नको.

चार्ट स्कॅटर असूनही जुळत नसेल तर आलेखावर छापलेल्या समीकरणातले आकडे छाटलेले असतात. क्ष लहान असेल तर चालून जातं. पण क्षच्या जागी साल असेल तर मामला बिघडतो. खरा चढ २.०३४७ आणि छापलेला २.०३ असेल, तर क्ष = २०२४ ला एकट्या चढातला फरक ०.००४७ × २०२४, म्हणजे साडेनऊच्या वर जातो. समीकरणाच्या चौकटीवर क्लिक करून आकड्यांचं स्वरूप बदला आणि दशांश स्थळं ८-१० करा. त्याहून चांगलं म्हणजे क्षच्या जागी ‘पहिल्या वर्षापासून झालेली वर्षं’ घ्या, ०, १, २ अशी. मग स्थिर पदालाही अर्थ येतो.

चढ आणि स्थिर पद काढून देणारी स्लोप आणि इंटरसेप्ट ही एक्सेलची फंक्शनं वापरत असाल तर त्यांत यची रांग आधी द्यावी लागते, क्षची नंतर. बिंदू आपण (क्ष, य) असे लिहितो, म्हणून हात आपोआप उलटा जातो. उलटं दिलं की क्षला यच्या रूपात मांडणारी रेषा मिळते, आणि बिंदू अगदी एका रेषेवर असतील तर येणारा चढ खऱ्या चढाचा व्यस्त असतो: −२ च्या जागी −०.५. रकान्यात काही आकडे डाव्या कडेला चिकटलेले दिसले तर ते मजकूर म्हणून साठवलेत, फंक्शन त्यांना मोजत नाही.

मोजमापाचे बिंदू असतील तर

प्रयोगात मोजलेले बिंदू रेषेवर तंतोतंत बसावेत ही अपेक्षाच चुकीची. इथे प्रश्न असा विचारायचा: तफावती मोजण्याच्या साधनाला शोभतील एवढ्याच आहेत का, आणि त्यांच्या चिन्हांत काही ठरावीक क्रम दिसतो का?

(१, २.१), (२, ३.९), (३, ६.२), (४, ७.८) हे बिंदू पाहा. लघुतम वर्ग पद्धतीने (तफावतींच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी येईल अशी रेषा काढून) रेषा येते य = १.९४क्ष + ०.१५, तफावती ०.०१, −०.१३, ०.२३, −०.११. वहीतलं समीकरण य = २क्ष असेल तर तफावती ०.१, −०.१, ०.२, −०.२. वर्गांची बेरीज पहिल्यासाठी ०.०८२, दुसऱ्यासाठी ०.१०. आकडे एवढे जवळ असताना य = २क्ष चुकीचं म्हणायला काहीच आधार नाही. लघुतम वर्ग रेषा त्याच चार बिंदूंसाठी कापून बेतलेली असते, तिची बेरीज कमी येणारच. रेषा स्वतः काढली असेल तर दोन चटकन होणाऱ्या तपासण्या: सगळ्या तफावतींची बेरीज शून्य यायला हवी, आणि क्षची सरासरी घातली की यची सरासरी यायला हवी. इथे २.५ घातला की ५, बरोबर.

चिन्हांचा क्रम मात्र गांभीर्याने घ्यावा. तफावती धन, ऋण, ऋण, धन अशा असतील (किंवा याच्या उलट), तर बिंदू वक्रावर आहेत आणि रेषा त्यांच्यावर जबरदस्तीने बसवलीय. साध्या लंबकात हे हमखास होतं. लांबी ०.६, ०.८ आणि १ मीटर असताना आवर्तकाल साधारण १.५५५, १.७९५ आणि २.००७ सेकंद. पहिल्या टप्प्यात चढ १.२०, दुसऱ्यात १.०६; चढ घटत चाललाय. आवर्तकालाचा वर्ग घेतला की तेच आकडे २.४२, ३.२२, ४.०३ होतात आणि रेषा सरळ होते, चढ ४π²/ग (ग म्हणजे गुरुत्व त्वरण), म्हणजे ग = ९.८ धरून साधारण ४.०३.

इथेच आणखी एक गोष्ट दिसते. गोळ्याचा व्यास २ सेमी आहे आणि लांबी फक्त दोऱ्याची मोजली, तर नोंदी ०.५९, ०.७९, ०.९९ अशा होतात. वर्ग = ४.०३ × लांबी हे समीकरण लावलं की तफावती ०.०४, ०.०४, ०.०४. सगळीकडे सारखी, म्हणजे चढ ठीक आहे. आणि ०.०४ ÷ ४.०३ = ०.०१ मीटर, म्हणजे १ सेमी: गोळ्याची त्रिज्या, जी मोजायची राहिली.

आर-वर्ग (सहसंबंध गुणांकाचा वर्ग; रेषा बिंदूंना किती बसते हे ० ते १ मध्ये सांगणारा आकडा) मोठा आहे एवढ्यावर समाधान मानू नये. १९७३ साली फ्रान्सिस अँस्कम या संख्याशास्त्रज्ञाने प्रत्येकी ११ बिंदूंचे चार संच मांडले. चारही संचांची लघुतम वर्ग रेषा जवळजवळ य = ०.५क्ष + ३, चारही ठिकाणी सहसंबंध गुणांक सुमारे ०.८१६. पण पहिला संच रेषेभोवती साधा विखुरलेला, दुसरा सरळ सरळ वक्र, तिसऱ्यात दहा बिंदू एका वेगळ्याच रेषेत आणि एक भरकटलेला, आणि चौथ्यात दहा बिंदूंचा क्ष ८ असून १९ वरच्या एकट्या बिंदूने रेषेला चढ दिलाय. तफावती मांडल्या की चारही प्रकार लगेच वेगळे ओळखू येतात.

नियम तुकड्यांचा असेल तर

व्यवहारातल्या दरपत्रकांत एक रेषा सगळीकडे लागू नसते. मुंबई महानगर क्षेत्रात १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७.१४ रुपये. आकारणी रुपयाच्या पटीत धरली तर १, १.५, २, ५, १० किमीला भाडं २६, २६, ३४, ८६, १७१. य = १७.१४क्ष तपासा: तफावती ८.८६, ०.२९, −०.२८, ०.३०, −०.४०. शेवटच्या चारही अर्ध्या रुपयाच्या आत आहेत, म्हणजे त्या पूर्णांकात आणल्यामुळे आल्यात. समीकरण त्या बिंदूंना जुळतं. पहिला बिंदू किमान भाड्याच्या टप्प्यातला, त्याला हे समीकरण लागूच नाही. तो धरून रेषा काढली तर चढही बिघडेल आणि चारही चांगले बिंदू चुकीचे दिसू लागतील. एखाद्या फेरीचं भाडं समीकरणापेक्षा बरोबर सव्वापट दिसलं तर वेळ पाहा, मध्यरात्री १२ ते पहाटे ५ चा दर सव्वापट असतो. विजेच्या बिलाचंही असंच: प्रत्येक स्लॅबचं समीकरण वेगळं, आणि बिंदू कोणत्या स्लॅबमधला हे आधी ठरवायचं.

प्रोग्रॅममध्ये तपासणी

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत ०.१ + ०.२ आणि ०.३ समान आहेत का विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं, कारण हे अपूर्णांक द्विमान पद्धतीत अचूक साठवता येत नाहीत. म्हणून समीकरणाच्या दोन्ही बाजू दुहेरी बरोबर चिन्हाने (==) तपासल्या तर रेषेवरचा बिंदूही बाहेरचा ठरू शकतो. मॅथ मोड्यूलमधलं इजक्लोज (दोन संख्या पुरेशा जवळ आहेत का ते सांगणारं फंक्शन) वापरा, पण तफावत शून्याशी ताडून पाहू नका: त्याची ठरलेली सहनशीलता (किती फरक चालेल याची मर्यादा) सापेक्ष, म्हणजे संख्यांच्या आकाराच्या प्रमाणात असते, निरपेक्ष सहनशीलता, म्हणजे ठरावीक आकडा, आपण दिली नाही तर शून्यच धरली जाते, आणि मग ०.०००००००००००१ एवढी तफावतही शून्याजवळची मानली जात नाही. दिलेला य आणि काढलेला य यांचीच तुलना करा, किंवा निरपेक्ष सहनशीलता स्वतः द्या. ती निवडताना मोजमापाच्या साधनाचं लघुतम माप किंवा पूर्णांकात आणल्याची मर्यादा धरा, रिक्षाच्या भाड्यासाठी ०.५. निर्देशक पूर्णांक असतील तर ही भानगडच नको: वर दिलेले दोन गुणाकार पूर्णांकांतच करा, तिथे दुहेरी बरोबर चिन्ह बिनधास्त चालतं.